सर्चला न दिसलेलं पत्र

१

लाँड्रीचा बॉयलर मंगळवारी दुपारी तीनच्या सुमाराला फुटला आणि चार माणसं गेली. लाँड्रीचा व्यवस्थापक, भट्टीवरचा फायरमन, इस्त्रीवाली एक बाई, आणि चौथे बॉयलर तपासणी कार्यालयाचे निरीक्षक, ज्यांनी चारच दिवस आधी, शुक्रवारी, हाच बॉयलर तपासला होता. कार्यालयात त्यांना सगळे थोरले म्हणत. त्यांचा जावईही तिथेच निरीक्षक होता, म्हणून तो धाकटे.

थोरले त्या दुपारी डोळ्याचं ऑपरेशन करून दवाखान्यातून घरी निघाले होते. वाटेत लाँड्रीत का शिरले, ते सांगायला आतलं कोणी उरलं नाही. शुक्रवारी तपासलेला बॉयलर मंगळवारी फुटतो, म्हणजे तपासणाऱ्याला एकतर काही दिसलं नाही किंवा दिसूनही त्याने डोळेझाक केली, हा हिशेब कुणीही केला असता. चौकशी समितीनेही तोच केला. मेलेल्या माणसावर खापर फोडायला कष्ट पडत नाहीत, तो उलटून बोलत नाही. दोन आठवड्यांत त्यांच्या घराच्या भिंतीवर डांबराने ‘खुनी’ असं लिहूनही झालं होतं.

समितीचा अहवाल टाइप होऊन तयार होता आणि आज संध्याकाळी पाचला त्यावर सह्या व्हायच्या होत्या. त्याला जोडायची कागदपत्रं तपासून ‘बरोबर आहेत’ असं लिहून द्यायचं काम दप्तरवाल्या बाईंचं. सव्वीस वर्षं त्या लोकांचे कागद लावत आल्या होत्या आणि कागदांपुढे रडणारी माणसंही त्यांनी भरपूर पाहिली होती. त्यामुळे थोरल्यांची मुलगी सकाळी दहाला दारात येऊन उभी राहिली तेव्हा त्या विरघळल्या वगैरे नाहीत. मुलगी सहा महिन्यांची गरोदर होती. ती आत आली नाही, बसलीही नाही.

“भेग दिसली असेल आणि बाबांनी लिहिलं नसेल, असं होणारच नाही,” ती म्हणाली. “घरी दूधवाल्याला सुट्टी सांगायची तरी ते लिहून द्यायचे. लेखी नसेल ते झालंच नाही, असं म्हणायचे.”

समितीच्या माणसाने थोरल्यांचा कॉम्प्युटर आधीच बघितला होता. सर्चच्या चौकटीत ‘बॉयलर’, ‘लाँड्री’, ‘भेग’ असे शब्द घातले, एकही ईमेल आली नाही, आणि त्याने तसं लिहून दिलं. बाईंनी मुलीला बाकावर बसायला सांगितलं आणि थोरल्यांच्या खुर्चीत बसून तेच शब्द पुन्हा घातले. नकाशे आले, फॉर्म आले, फोटो आले. ईमेल एकही नाही.

मग त्यांच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी ‘रजा’ असं टाइप केलं. ईमेल नाही. ‘चहा’ टाइप केलं. तरी नाही. सरकारी नोकरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या पत्रांत ‘रजा’ हा शब्द नसावा, हे बाईंना पटेना. त्यांनी ईमेलचा प्रोग्राम उघडला. तिथे रजेचीच वीस-पंचवीस पत्रं रांगेत बसली होती.

पत्रं होती. सर्चला ती दिसत नव्हती.

२

कॉम्प्युटर बघणारा तंत्रज्ञ तळमजल्यावरून वर आला, पडद्याकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून बसला.

हे सर्च म्हणजे पुस्तकाच्या मागच्या सूचीसारखं असतं, असं त्याने बाईंना समजावलं. तुम्ही शब्द विचारता तेव्हा ते पत्रं चाळत नाही. पत्रं त्याने आधीच वाचून ठेवलेली असतात आणि कुठला शब्द कुठे आहे याची यादी केलेली असते. काय काय वाचायचं ते सेटिंगमध्ये खुणा करून सांगावं लागतं. तिथे ‘ईमेल’समोरची खूण काढलेली होती.

“ही आपोआप निघत नाही,” तो म्हणाला. “कोणीतरी काढलीय. खूण काढली की सूचीतली सगळी पत्रं पुसली जातात. पत्रं जागच्या जागी राहतात, फक्त सर्च त्यांच्या बाबतीत आंधळं होतं.”

कधी, तेही तिथेच होतं. ईमेलसमोरची खूण शेवटची बदलली होती ती स्फोटानंतरच्या गुरुवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. त्या वेळी कार्यालयात शोकसभा होती आणि सगळेच हजर होते. तंत्रज्ञाने आदल्या दिवशीच, बुधवारी, समितीच्या हुकमाने थोरल्यांची पत्रपेटी गोठवली होती. एकूण पत्रं १८,६४० असा आकडा कार्यालयाच्या साहेबांच्या सहीने कागदावर नोंदला होता. त्यानंतर एक जरी पत्र खोडलं असतं तरी बोंब झाली असती. बाईंनी आता आकडा बघितला. १८,६४०.

म्हणजे पत्र असेल तर ते इथेच होतं. ज्याला ते नको होतं त्याला ते खोडता येत नव्हतं, म्हणून त्याने शोधणाऱ्याच्याच डोळ्यांवर पट्टी बांधली होती.

तंत्रज्ञाने खूण परत केली. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा उमटला, ‘१८,६४० बाकी’, आणि सावकाश उतरू लागला. सगळं पहिल्यापासून वाचावं लागणार, सहा तास लागतील, असं तो म्हणाला. साडेदहा वाजले होते. साडेचारला काम व्हायला हवं.

“एकच सांभाळा. ईमेलचा प्रोग्राम उघडाच राहू द्या. तो बंद झाला की वाचन थांबतं. सूची काही स्वतः कुलूप उघडून आत जात नाही.”

“हे थोरल्यांना माहीत होतं?”

“त्यांना कुठलं. मी बसवून दिलं आणि दोन-तीनदा समजावलं, पण त्यांच्या पचनी पडेना. पुढे घरच्यांनी शिकवलं म्हणे.”

तो गेल्यावर धाकटे दारात येऊन उभे राहिले. तीन दिवस दाढी केलेली नव्हती. सासऱ्यांच्या खुर्चीकडे न बघता त्यांनी चहा हवा का विचारलं आणि मग तो कोपऱ्यातला आकडा कसला, तेही विचारलं. सर्च पत्रं वाचतंय, संध्याकाळपर्यंत कळेल, असं बाईंनी सांगितलं. धाकट्यांनी मान हलवली आणि ते जाऊन बायकोजवळ बाकावर बसले.

३

नुसतं आकड्याकडे बघत बसणं बाईंच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी हाताने शोधायला घेतलं आणि पाच मिनिटांत त्यांना कळलं की सर्च आंधळं करणारा मूर्ख नव्हता.

थोरल्यांच्या ईमेलमध्ये चारशे बारा फोल्डर होते. ‘पंखा’, ‘जिना’, ‘जुने’, ‘बघू’, ‘बघू २’. पाठवलेली पत्रं एका जागी मिळावीत, तर तेही नाही. ज्या पत्राला उत्तर दिलं त्याच्याच फोल्डरमध्ये उत्तर जाऊन पडेल, अशी सोय त्यांनी करून घेतली होती. वर त्या जुन्या प्रोग्रामचा स्वतःचा शोध एका वेळी एकाच फोल्डरात बघायचा. साडेबारापर्यंत बाईंचे कामकाजाचे चौऱ्याण्णव फोल्डर उघडून झाले. मध्ये ‘घर’, ‘डोळे’, ‘लेक’, ‘विहीणबाई’ असे काही लागले, ते त्यांनी सोडून दिले. मेलेल्या माणसाच्या घरगुती गोष्टीत नाक खुपसणं त्यांना बरं वाटेना.

पावणेएकला त्या साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. टंकलेखिका तिथेच होती आणि पुढचा सव्वा तास ती दोघं त्यांच्यासमोरून हलली नाहीत. साहेबांवर बाईंचा पहिल्यापासून संशय होता. थोरल्यांनी भेगेबद्दल लिहिलं असेल तर वरिष्ठाला लिहिलं असेल, आणि वरिष्ठ त्यावर बसून राहिला असेल, तर पत्र दडवायची गरज त्यालाच. पण साहेब पडद्यावर काही वाचतच नसत. त्यांना आलेली प्रत्येक ईमेल टंकलेखिका छापायची, शिक्का मारायची आणि आवकच्या वहीत क्रमांक टाकायची. बाईंनी वही दोनदा तपासली. एक क्रमांक गाळलेला नव्हता, एक खाडाखोड नव्हती, आणि त्या आठवड्यात लाँड्रीबद्दल काही आलेलं नव्हतं. शिवाय शुक्रवारी साहेब दौऱ्यावर होते.

निघताना टंकलेखिका थोरल्यांची आठवण काढून हसली आणि हसता हसता डोळे पुसू लागली.

“त्यांना नवीन पत्र म्हणून लिहिताच यायचं नाही हो. ज्याला सांगायचं त्याचं शेवटचं पत्र उघडायचे आणि त्यालाच उत्तर ठोकायचे. मागे एक कारखाना बंद करायचा प्रस्ताव मला ‘पंखा आवाज करतो’ या विषयाखाली आला होता. मी आठ दिवस उघडलाच नाही, वाटलं पंख्याचं असेल.”

बाई दोन वाजता परत आल्या. कोपऱ्यातला आकडा ११,६०० वर गोठला होता. ईमेलचा प्रोग्राम कोणीतरी बंद केला होता.

४

त्यांनी तो उघडला आणि आकडा पुन्हा उतरू लागला, पण मधला सव्वा तास बुडाला होता. आता पावणेसहा वाजणार होते. त्यांनी समितीच्या अध्यक्षांना फोन करून तासभर मागितला. अध्यक्षांनी विचारलं, पत्र आहे की पत्र असेल असं वाटतंय? वाटतंय, असं बाईंनी खरं सांगितलं. मग सह्या पाचलाच होतील, असं अध्यक्ष म्हणाले.

पाचनंतर पत्र सापडलं तर ते कपाटातल्या एका बंद अहवालाविरुद्धचा कागद होणार होतं, आणि अशा कागदांचं काय होतं ते बाईंइतकं कोणाला माहीत असणार? भिंतीवरचं डांबर कायमचं राहिलं असतं.

यंत्र वेळेवर पोचणार नव्हतं, तेव्हा डोकं चालवणं भाग होतं. बाईंनी एक कोरा कागद घेतला, पण लिहिलं काहीच नाही.

मजल्यावर आलं-गेलं कोण, ते शिपायाने सांगितलं. बाहेरचा कोणी नाही. साहेब आणि टंकलेखिका बाईंच्या डोळ्यांसमोर होती. राहिला तंत्रज्ञ. तो स्वतःच म्हणाला की संशय घ्यायचा तर माझ्यावर घ्या, सगळं मलाच येतं. बाई म्हणाल्या, तेच तर. तळमजल्यावर बसून तो इथला कुठलाही कॉम्प्युटर चालवू शकत होता. त्याला वाचन थांबवायचं असतं तर जागचं उठावंही लागलं नसतं, आणि त्याने आकडा खोटा हलताही ठेवला असता. मुख्य म्हणजे बुधवारी, मोजणीच्या आधी, तो पेटीपाशी एकटा होता. तेव्हाच पत्र खोडलं असतं तर पुढचं काही करायलाच लागलं नसतं.

या टेबलापर्यंत चालत यावं लागलेला आणि प्रोग्राम बंद केला की सूची थांबते हे माहीत असलेला माणूस एकच उरत होता. थोरल्यांना घरच्यांनी शिकवलं होतं. त्यांच्या घरात कॉम्प्युटर शिकवू शकेल असा दुसरा कोण होता?

बाईंना तो निष्कर्ष आवडला नाही. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. प्रोग्राम बंद झाला नसता तर त्यांना फक्त पत्र मिळालं असतं. तो बंद केला गेला म्हणून माणूस मिळाला होता.

आणि माणूस मिळाल्यावर पत्राची जागा वेगळी शोधायला नको होती. थोरले ज्याला सांगायचं त्याच्याच शेवटच्या पत्राला उत्तर देत. जावई सासऱ्यांना ईमेल करील ती कशाबद्दल? आणि ती कुठल्या फोल्डरमध्ये जाईल? सगळं कार्यालय चाळणारी समितीची माणसंही सभ्यपणाने उघडणार नाहीत, असा तो फोल्डर होता. सकाळी त्यांनी स्वतःच तो सोडून दिला होता.

घड्याळात सव्वाचार झाले होते. बाईंनी बाहेर जाऊन धाकट्यांना आत बोलावलं.

५

धाकटे समोर बसले. बाईंनी त्यांच्यादेखत ‘लेक’ नावाचा फोल्डर उघडला. सगळ्यात वरचा विषय होता, ‘सोनोग्राफी सोमवारी सकाळी दहा वाजता’. धाकट्यांनी गुरुवारी पाठवलेली एका ओळीची ईमेल, आणि तिला थोरल्यांनी शुक्रवारी संध्याकाळी पाच वीसला दिलेलं उत्तर. बाईंनी अजून उत्तरावर बोट ठेवलं नव्हतं.

“उघडू?” त्यांनी विचारलं.

धाकट्यांनी नाही म्हटलं नाही. त्यांचे हात मांडीवर होते आणि ते हातांकडेच बघत होते. बाईंनी पत्र उघडलं.

‘लाँड्रीच्या बॉयलरला खालच्या पत्र्यात बोटभर भेग आहे. भट्टी विझवायला लावली आणि व्यवस्थापकाला तोंडी ताकीद दिली आहे. शनिवार-रविवार त्यांना सुट्टी. पण सील नसलं तर सोमवारी हे लोक पेटवणारच. सीलचा साचा साहेबांच्या कपाटात आहे आणि ते दौऱ्यावर आहेत, उद्या आले की मागून घे. मी उद्यापासून दवाखान्यात. सोमवारी सात वाजता, भट्टी पेटायच्या आत, तू जाऊन सील कर. सोनोग्राफी दुपारी करून घ्या. तिला यातलं काही बोलू नकोस, काळजी करत बसेल. पत्र मिळाल्याचं सांग.’

“मी ते उघडलंच नव्हतं,” धाकटे म्हणाले. “घरच्या पत्राला बाबांचं उत्तर ठरलेलं असायचं. ‘बरं. जपून.’ मला वाटलं तेच असेल. रविवारी आम्ही दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, पत्र मिळालं ना? मी म्हटलं, हो बाबा, मिळालं. ते म्हणाले, मग मी निर्धास्त आहे. मला वाटलं सोनोग्राफीबद्दल बोलताहेत. ती शेजारीच होती, म्हणून त्यांनीही पुढे काही विचारलं नाही.”

“उघडलंत कधी?”

“मंगळवारी संध्याकाळी. सगळं झाल्यावर. त्यांचं शेवटचं पत्र म्हणून उघडलं.”

त्याच रात्री त्यांनी आपल्याकडची प्रत खोडली. थोरल्यांच्या पेटीपर्यंत पोचायच्या आत ती गोठवली गेली. मग शोकसभेच्या दिवशी, लोक रांगेने फोटोला नमस्कार करत असताना, त्यांनी इथे येऊन ती खूण काढली. बाईंनी हे सगळं ऐकून घेतलं. त्यांना या माणसाचा राग आला होता आणि त्याची कणवही आली होती, आणि दोन्हीपैकी काहीही अहवालाला जोडता येण्यासारखं नव्हतं.

“तिला मी सांगतो,” धाकटे म्हणाले. “आज नको. बाळंत होऊ दे. बाबांनीच लिहिलंय ना, काळजी करत बसेल.”

दार उघडंच होतं. मुलगी बाकावरून केव्हा उठली ते दोघांनाही कळलं नाही. ती टेबलाला वळसा घालून आली, बाईंच्या खांद्यावरून वाकली आणि तिने पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत, ओळींवर बोट ठेवून वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं. बाईंनी तिला खुर्ची दिली पण ती बसली नाही.

“सोमवारी मला घेऊन गेलास तेव्हा तुला खरंच माहीत नव्हतं?” तिने नवऱ्याला विचारलं.

“तुझी शपथ, नव्हतं.”

“खरं आहे ते,” ती म्हणाली. “माझा विश्वास आहे. ती चूकच होती. चूक कोणाचीही होते.” “पण ते भिंतीवर लिहिलेलं पुसायला आपण दोघं रॉकेल घेऊन गेलो होतो. तुझ्या हातात फडकं होतं. तेव्हा तुला माहीत होतं.”



तिने बाईंना विचारलं की याच्या किती प्रती निघतील. हव्या तेवढ्या, बाई म्हणाल्या. तिने चार मागितल्या. शेजारच्या छपाईयंत्राने त्या एकामागून एक बाहेर टाकल्या. पाचला दहा मिनिटं कमी असताना बाईंनी एका प्रतीवर शिक्का मारला, सही केली आणि समितीच्या फायलीत सगळ्यात वर ठेवली. उरलेल्या तीन त्यांनी मुलीपुढे केल्या. त्यांना वाटलं होतं की एक तिला हवी असेल, एक तिच्या वकिलाला.

तिने तिन्ही घेतल्या आणि नवऱ्याच्या हातात दिल्या.

“या त्या तीन घरी द्यायच्या. टपालाने नाही, आपण दोघं जायचं. वाचून तू दाखवायचंस.”

“मला नाही जमणार,” तो म्हणाला.

“आधी इस्त्रीवालीच्या घरी जाऊ. तिचा मुलगा विचारेल, हे पत्र तुम्ही वाचलंत कधी. त्याला खरं सांग. त्यानंतर मी तुझ्याबरोबर घरी यायचं की नाही, ते मी तिथून बाहेर पडल्यावर सांगेन.”

कोपऱ्यातला आकडा अजून उतरतच होता, पण तिकडे आता कोणी बघत नव्हतं. धाकट्यांनी कागदांची घडी घातली, परत उघडली, आणि ते बायकोच्या मागोमाग जिन्याकडे गेले.